केसांचा गोळा, की आणखी काही?

डिसेंबरातली पहाट होती. घाटाकडून येणारा गार वारा खिडकीच्या फटीतून घरात शिरत होता. अम्मी वजू करून फज्रच्या नमाजसाठी खोलीत आल्या आणि तख्ताखालचा आवाज ऐकून थबकल्या. कुणीतरी आतून भाता हलवावा तसा तो आवाज होता. आम्ही दिवा लावून पाहिले तर आमची बर्फी पोट आत-बाहेर करत, मान लांब करून बसलेली. दोन-तीन उबळी आल्या आणि तिने बोटाएवढे लांब, करडे, ओले असे काहीतरी जमिनीवर टाकले. धाकटा चिरंजीव ओरडला, “दादी, बर्फीने उंदीर ओकला!”

तो उंदीर नव्हता. काडीने उलगडून पाहिले तर आत केसच केस होते, बर्फीचे स्वतःचेच. पाच मिनिटांत बर्फी दूध मागत पायात घोटाळू लागली. आम्ही मात्र दिवसभर काळजीत होतो. शेजारच्या खालांनी सांगितले, एक चमचा एरंडेल पाजा. दुसऱ्या कुणी म्हणाले, हळदीचे दूध द्या. कुणी म्हणाले, मांजर आहे, तिचे ती बघेल.

बर्फी आमच्याकडे मामूंच्या घरून आली. त्यांची बदली पुण्याला झाली, तिथल्या घरमालकाला जनावर चालणार नव्हते, म्हणून मुलांनी हट्टाने तिला कन्नडला आणले. जातीने पर्शियन, म्हणजे लांब केसांची, चपट्या नाकाची. आमच्या गावात पूर्वी मांजर म्हणजे धान्याच्या कणगीजवळ बसणारी, उंदीर मारणारी, कुणाचीच नसलेली आणि सगळ्यांची असलेली अशी होती. आता आमच्या मोहल्ल्यातही दोन-चार घरांत अशा लांब केसांच्या मांजरी दिसतात. त्या गादीवर झोपतात, दाराबाहेर जात नाहीत. त्यांचे दुखणे-खुपणे मात्र पाळणाऱ्यांना ठाऊक नसते. आम्हालाही नव्हते. जे शिकलो ते थोडे वाचून, थोडे डॉक्टरांना विचारून आणि एका मोठ्या चुकीतून शिकलो. ती चूक दुसऱ्या कुणाकडून होऊ नये म्हणून हा लेख.

गोळा होतो कसा?

मांजर जागेपणीचा बराच वेळ स्वतःला चाटण्यात घालवते. तिच्या जिभेवरून बोट फिरवले तर ती कानशीसारखी खरखरीत लागते. या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात. ते आपल्या नखांसारख्याच पदार्थाचे, केराटिनचे बनलेले असतात. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिले की, हे काटे टोकाशी पोकळ असतात. ते तोंडातली लाळ उचलून केसांच्या मुळापर्यंत पोचवतात. मळ निघतो, गळालेले केस निघतात आणि उन्हाळ्यात अंगालाही गारवा मिळतो.

अडचण एवढीच की, काटे घशाकडे वळलेले असल्यामुळे जिभेला लागलेला केस थुंकता येत नाही. तो गिळावाच लागतो. केस पचत नाही. निरोगी मांजरीत बहुतेक केस अन्नाबरोबर पुढे सरकतात आणि शीवाटे निघून जातात. काही केस मात्र जठरात राहतात, एकमेकांत गुंततात आणि एक दिवस उलटीवाटे बाहेर येतात. अन्ननलिकेतून दाबून येताना त्यांचा आकार लांबट होतो. म्हणून नाव गोळ्याचे असले तरी दिसते ती वळकटी.

याच संशोधकांना आणखी एक गोष्ट आढळली. पर्शियन मांजरीचे केस इतके लांब व दाट असतात की, जिभेचे काटे तिच्या कातडीपर्यंत नीट पोचतच नाहीत. मोहल्ल्यातली आखूड केसांची मांजर स्वतःची स्वच्छता स्वतः सांभाळते. बर्फीसारखीला ते एकटीने जमत नाही, माणसाने हात लावावाच लागतो. १६२०च्या सुमारास इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाले याने इराणातून लिहिलेल्या पत्रात खुरासानच्या लांब, रेशमी केसांच्या मांजरींचे वर्णन केले आहे आणि त्या रोमला नेण्याचा मनसुबाही सांगितला आहे. हाच प्रवासी पुढे सुरत आणि गोव्यालाही येऊन गेला. लांब केसांचा हा शौक चारशे वर्षांचा जुना आहे.

पादजहर आणि समजुती

उर्दू शिकवणाऱ्या माणसाला शब्दांची खोड असते. डॉक्टरी भाषेत या गोळ्याला ‘ट्रायकोबेझोअर’ म्हणतात. ‘ट्रायको’ म्हणजे केस, हा ग्रीक शब्द. ‘बेझोअर’ मात्र आपल्या ओळखीचा निघाला. तो मूळ फारसी ‘पादजहर’, म्हणजे जहरापासून राखणारा. रानबकऱ्यांच्या पोटात तयार होणारे खडे विषावर उतारा म्हणून पूर्वी सोन्याच्या भावाने विकले जात. गोव्यात राहणारे पोर्तुगीज हकीम गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या खड्यांची चर्चा केली आहे. पुढे सतराव्या शतकात गोव्याचे जेझुइट पाद्री कस्तुरी, पोवळे वगैरे कुटून तसे खडे हातानेच बनवू लागले. ‘गोवा स्टोन’ या नावाने ते युरोपात जात. सोन्याच्या जाळीदार डबीत ठेवलेला असा एक खडा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

या खड्याने खरेच विष उतरते का? फ्रान्सच्या राजाचे शल्यवैद्य आम्ब्रोआज पारे यांनी सोळाव्या शतकात हे तपासले. चोरीसाठी मृत्युदंड झालेल्या एका आचाऱ्याला त्याच्या संमतीने विष देऊन वर हा खडा दिला गेला. आचारी तडफडून मेला. राजाच्या दरबारातली माणसेही न तपासता उपायावर विश्वास ठेवत होती. आमच्या घरात तेच झाले, पण एरंडेलाच्या आणि तुपाच्या रूपाने.

आमची चूक

पहिल्या गोळ्यानंतर वर्षभरात बर्फीने आणखी तीन-चार गोळे टाकले. आम्ही अनुभवी झालो. ओकारीचा आवाज आला की, ‘केस असतील’ म्हणून कूस बदलून झोपायचो.

मागच्या वर्षी जानेवारीत नात्यात लग्न होते. अम्मींचे शिलाई मशीन दिवसभर चालू. बर्फी रिळांशी खेळायची, मुले हसायची. एका संध्याकाळी तिने खाल्लेले सगळे ओकले. रात्री पांढरा फेस ओकला, एकदा नव्हे, चार वेळा. सकाळी वाटीला तोंड लावले नाही. आम्ही ठरवून टाकले की, मोठा गोळा अडकला आहे. तिच्या पंजाला तूप लावले, की चाटेल आणि सुटेल. तिने चाटले नाही.

आमची मुलगी आठवीत आहे. ती म्हणाली, “काल तिच्या तोंडात धागा होता. मी धरायला गेले तर तिने गिळला.”

आम्ही म्हणालो, “धाग्याने काय होते? केस गिळते तर सूत नाही का पचणार?”

ती पुन्हा एकदा म्हणाली. आम्ही शाळेची घाई करत तिला गप्प केले. वर्गात मुलांना ‘जे डोळ्यांनी पाहिले ते न घाबरता सांगा’ असे शिकवणारे आम्ही!

तिसऱ्या दिवशी बर्फी कुठे दिसेना. लोखंडी कपाटामागे, भिंतीला अंग टेकून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, हाक मारली तरी कान हलेना. मग मात्र गावातल्या डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी आधी पोट दाबले नाही. तोंड उघडले, अंगठ्याने खालून जीभ वर ढकलली आणि आम्हाला जवळ बोलावले. जिभेच्या मुळाशी हिरव्या धाग्याचा वेढा बसला होता. लग्नाच्या सलवारीचा रंग.

मुलाने हात पुढे केला. डॉक्टरांनी त्याचा हात धरला. “ओढायचा नाही,” ते म्हणाले. मग त्यांनी समजावले. धाग्याचे एक टोक जिभेला अडकलेले आहे आणि दुसरे आतड्यात गेले आहे. आतडे त्याला पुढे ढकलते, पण धागा सुटत नाही. मग आतडेच धाग्यावर गोळा होते. सलवारीचा नाडा आवळल्यावर नेफ्याला चुण्या पडतात ना, तसे. ताणलेला धागा त्या चुण्यांना आतून करवतीसारखा कापत जातो. ओढला तर आतडे फाटते.

शस्त्रक्रियेसाठी बर्फीला संभाजीनगरला न्यावे लागले. शेजाऱ्यांनी गाडी दिली. हतनूर मागे पडले, वेरूळ गेले, दौलताबादचा किल्ला दिसू लागला. साठेक किलोमीटरच्या त्या वाटेत कुणी बोलले नाही. टोपलीतून बर्फीचा श्वास ऐकू येतो की नाही, एवढेच सगळे ऐकत होतो. मुलगी टोपलीवर हात ठेवून बसली होती. तिने आम्हाला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरे वाटले असते.

आतडे अजून फाटले नव्हते. तिथल्या डॉक्टरांनी जिभेखालचा वेढा कापला आणि पोट उघडून जवळजवळ हातभर धागा बाहेर काढला. आणखी एक दिवस गेला असता तर सांगता आले नसते, असे ते म्हणाले. चौथ्या दिवशी बर्फी गळ्यात प्लास्टिकचा भोंगा घालून घरी आली. अम्मींनी दोन रकात शुक्राने पढले आणि रिळांचा डबा कुलपात ठेवला. आम्ही मुलीची माफी मागितली. ती म्हणाली, “पुढच्या वेळी ऐका म्हणजे झाले.”

ओकारी, ढास आणि अडथळा

मग आम्ही या विषयावर वाचायला घेतले. ब्रिटनमधील पशुवैद्य मार्था कॅनन यांनी २०१३ साली मांजरींच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखाचा रोख मनात बसला. क्वचित कधी पडणारा गोळा ही साधी कटकट असते. तो वारंवार पडू लागला तर मात्र कारण शोधावे. एक तर मांजर नेहमीपेक्षा जास्त केस गिळते आहे किंवा तिचे पोट केस पुढे ढकलण्यात कमी पडते आहे. जास्त केस गिळण्यामागे पिसवा, कातडीची खाज, अंगातले दुखणे किंवा भीती असू शकते. घराला रंग लावला, पाहुणे महिनाभर राहिले, घर बदलले, तरी मांजर घाबरून चाटत सुटते. पोट संथ होण्यामागे आतड्याची जुनी सूज असू शकते.

तीन गोष्टींत गल्लत होते, त्या वेगळ्या ओळखायला शिका.

पहिली, खरी उलटी. मांजर अस्वस्थ होते, ओठ चाटते, पोट जोरात आत-बाहेर होते आणि काहीतरी बाहेर येते. केस आले, त्यानंतर ती खेळू-खाऊ लागली, तर घाबरू नका. वहीत तारीख लिहून ठेवा.

दुसरी, खाल्लेले जसेच्या तसे परत येणे. घाईने गिळलेले अन्न पोटाला जोर न लावता, पाच-दहा मिनिटांत नळीच्या आकारात बाहेर पडते. अशा मांजरीला थोडे थोडे, पसरट ताटलीत वाढा. तरीही रोज होत असेल तर दाखवा.

तिसरी, ढास. मांजर जमिनीला टेकून, मान पुढे ताणून खोकते आणि काहीच बाहेर येत नाही. पाहणाऱ्याला वाटते, केस अडकला. पुष्कळदा तो दमा असतो. घरात चुलीचा धूर, अगरबत्ती, लोबान असेल तर त्रास वाढतो. जुमेरातीला लोबान फिरवताना मांजरीला दुसऱ्या खोलीत ठेवायला काय हरकत आहे?

उबळ आल्यावर मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवा. दवाखान्यात पोचेपर्यंत मांजर शहाण्यासारखी बसते आणि आपल्याला आवाज काढून दाखवावे लागतात.

मुळीच थांबू नये अशी लक्षणे

– पुन्हा पुन्हा ओकारी येते, पण काहीच पडत नाही. किंवा दिवसात अनेकदा उलटी होते.

– चोवीस तास काही खाल्ले नाही. मांजरीचा उपवास माणसासारखा नसतो. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर तिच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतते. पोट बिघडले तरी तिला मुद्दाम उपाशी ठेवू नये.

– उलटीत किंवा शीत रक्त दिसते. पोट फुगले आहे. दोन दिवस शी झालेली नाही.

– तोंडातून किंवा गुदद्वारातून धागा लोंबतो आहे. ओढू नका, तसेच घेऊन जा.

– बोका पुन्हा पुन्हा मातीच्या डब्यात जाऊन कुंथतो आणि लघवी होत नाही. याला लोक बद्धकोष्ठ समजतात. लघवी अडलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो. यात रात्र काढू नये.

– पिल्लाला उलटी-जुलाब एकदम सुरू झाले आणि ते मलूल पडले. पॅनल्युकोपेनिया हा विषाणूचा आजार पिल्लांना झपाट्याने मारतो. यावर लस आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून तिचे डोस सुरू करतात. रेबीजची लसही सोबत ठरवून घ्या.

पहिले औषध कंगवा

जो केस कंगव्यात येतो तो पोटात जात नाही. केसांच्या गोळ्यावर याहून चांगला उपाय आम्हाला सापडला नाही. लांब केसांच्या मांजरीला रोज दहा मिनिटे, आखूड केसांच्या मांजरीला आठवड्यातून एक-दोनदा विंचरावे. लोखंडी, विरळ दातांचा कंगवा आधी, बारीक दातांचा नंतर. कानामागे, काखेत, पोटावर आणि मागच्या मांड्यांवर केस लवकर गुंततात. गुंता झाला तर कात्री लावू नका. मांजरीची कातडी पातळ असते, गुंत्याबरोबर वर येते आणि कापली जाते. बोटांनी थोडा थोडा सोडवा, नाहीतर दवाखान्यात कापून घ्या. उन्हाळ्याच्या तोंडाला केसगळ वाढते, तेव्हा वेळही वाढवा. शेवटी ओला हात अंगावरून फिरवला की सुटे केस हाताला येतात.

आमच्याकडे हे काम इशाच्या नमाजनंतर मुलीकडे असते. विंचरताना तिला एकदा शेपटीजवळ काळे बारीक कण दिसले. ओल्या कापसावर ठेवले तर लालसर झाले. पिसवांची विष्ठा. पिसवांवर औषध आणताना एक खबरदारी घ्या. कुत्र्यासाठी असलेले परमेथ्रिनचे औषध मांजरीला विष ठरते. दुकानदाराला ‘मांजरीसाठीच’ असे सांगून, डबीवर वाचूनच घ्या.

पोटात काय जाते?

मांजर मूळचीच मांसाहारी आहे. दूध-भाकरी आणि भातावर वाढवलेली मांजर पोट भरते, पण तिला टॉरिन हा घटक मिळत नाही. १९८७ साली अमेरिकेतील पॉल पियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, टॉरिन कमी पडले तर मांजरीचे हृदय पसरट व दुबळे होते. म्हणून मांस-मासे किंवा मांजरीसाठीचे तयार अन्न हवेच. अन्न बदलायचे असेल तर आठ-दहा दिवसांत, जुन्यात नवे मिसळत बदला. एकदम बदलले की जुलाब ठरलेले.

मांजर आणि दूध ही जोडी गोष्टीतली आहे. पुष्कळ मोठ्या मांजरींना दुधातली साखर पचत नाही. आम्ही बर्फीचे दूध बंद केले आणि तिची पातळ शी आठवड्यात थांबली. त्याऐवजी पाणी. मांजर कमी पाणी पिते, म्हणून घरात दोन-तीन ठिकाणी पसरट भांडी ठेवावीत, जेवणापासून थोडी दूर. उकडलेल्या कोंबडीचे मीठ-मसाला नसलेले पाणी वरून घातले तर कोरडे अन्नही ओले होते आणि केसही पुढे सरकतात.

उकडून कुस्करलेले डांगर, म्हणजे लाल भोपळा, अर्धा-एक चमचा अन्नात मिसळले तर शी सैल व्हायला मदत होते. इसबगोल द्यायचे तर डॉक्टरांना विचारून, भरपूर पाण्यात भिजवून. कुंडीत गहू पेरून त्याची कोवळी पाती मांजरीला द्यायला हरकत नाही. गवत खाणे हा तिचा स्वभावच आहे. कोवळी ज्वारी मात्र पेरू नका. ती गुरांना बाधते हे आपल्या भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे.

आणि तेल? एरंडेल, खोबरेल किंवा पातळ पॅराफिन चमच्याने, पिचकारीने घशात ओतू नका. चव-वास नसलेले तेल श्वासनलिकेत गेले तरी मांजरीला ठसका लागत नाही, ते फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. दुकानात केसांच्या गोळ्यांसाठी मलम मिळते, ते डॉक्टरांनी सांगितले तर बोटावर चाटवावे. माणसांची पोटाची, तापाची गोळी कधीही देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते. जंताचे औषध ठरल्या वेळी, वजन करून द्यावे.

रमजान आणि बकरी ईद

रमजानमध्ये घराचे जेवणाचे वेळापत्रक बदलते. मांजरीचे बदलू नये. दिवसभर सगळे झोपलेले, वाटी रिकामी आणि इफ्तारला एकदम समोसा, भजी, कबाबाचा तुकडा. मग तरावीहच्या वेळी गालिच्यावर उलटी. कांदा-लसूण मांजरीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात. त्यामुळे सालनात कालवलेली पोळी ही मेहेरबानी नव्हे.

बकरी ईदला तर प्रत्येक घरातून मांजरीचा वाटा येतो. चरबी, कलेजी, नळीचे हाड. चरबीने पोट बिघडते. कलेजी आवडते, पण रोज भरपूर दिली तर ‘अ’ जीवनसत्त्व साठून हाडांचे दुखणे लागते. शिजवलेले हाड टोकदार फुटते. आणि सगळ्यात मोठा धोका कचऱ्याच्या टोपलीत असतो. मांसाला बांधलेली सुतळी, रक्ताचा वास लागलेली प्लास्टिकची पिशवी, रबर. मांजरीला ती सुतळी मांसच वाटते. ईदच्या दिवशी टोपलीला झाकण आणि झाकणावर वीट, हा नियम आता आमच्या घरी आहे.

राखायचे तर लक्ष द्यायचे

हजरत अबू हुरैरा (रजि.) यांना हे नाव मांजरीच्या पिल्लावरूनच मिळाले, हे आपल्या मुलांना ठाऊक असते. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी वजूचे भांडे मांजरीसमोर कलते केले आणि ती आपल्या घरात वावरणाऱ्यांपैकी आहे, ती नापाक नाही, असे प्रेषितांचे (स.) सांगणे ऐकवले, हेही आपण ऐकतो. उलटी मात्र उलटीच. जानमाजवर झाली तर ती जागा धुऊन घ्यावी.

आम्हाला या दिवसांत आठवत राहते ती दुसरी हदीस. मांजर कोंडून ठेवणाऱ्या बाईची. तिने मांजरीला खायला घातले नाही आणि स्वतःचे शोधून खायला मोकळेही सोडले नाही. आजवर आम्ही ही गोष्ट दुसऱ्या कुणाची म्हणून सांगत होतो. कपाटामागे बसलेली बर्फी पाहिली तेव्हा तसे वाटेना. आम्ही तिला उपाशी ठेवले नव्हते. पण दार आमचे, जाळी आमची, धागाही आमचा. गल्लीतली मांजर धागा गिळून मेली तर ते कुणाला कळतही नाही. आम्ही मात्र तिला घरात ठेवले होते, म्हणजे तिच्या जिवाची अमानत आमच्याकडे होती. तिला बोलता येत नाही आणि तिच्या वतीने जी बोलत होती तिला आम्ही गप्प केले.

आता स्वयंपाकघरात कॅलेंडरवर बर्फीचा एक रकाना आहे. गोळा पडला की ‘के’, नुसती उलटी झाली की ‘उ’, शी झाली नाही तर फुली. लिहिते मुलगी. गेल्या दोन महिन्यांत एकच ‘के’ आहे. परवा रात्री पुन्हा तख्ताखालून तो आवाज आला. आम्ही कूस बदलली नाही. उठलो, दिवा लावला, तिचे होऊ दिले आणि काडीने उलगडून पाहिले. केसच होते. मुलीने कॅलेंडरवर ‘के’ लिहिले आणि मग सगळे झोपलो.